उरलेल्या जागेत आकाश

"किती वाजलेत हो तुमच्या चित्रात?" मास्तरांनी मागून विचारलं.

मी आपली मनगटावरच्या घड्याळात बघायला लागले. साडेबारा वाजून गेले होते. तसं सांगितलंही. तर ते म्हणाले, "घड्याळात नाही हो, चित्रात. या झाडांच्या सावल्या बघा, लांबच्या लांब पसरल्यात. सकाळचे साडेआठ. आणि वर आकाश असं, की डोक्यावर ऊन आलंय. मग पुलावरनं चाललेल्या या माणसाने नक्की कुठल्या वेळेचं समजायचं?"

चित्रात नदी होती, पलीकडची झाडं होती, जुना दगडी पूल होता. पूल माझा फार छान उतरला होता, हे अजूनही सांगते. कमानी बरोबर, दगडांचे थर बरोबर, कमानीखालच्या अंधारात पाण्याचा हिरवट उजेडसुद्धा बरोबर. साडेतीन तास मी त्या पुलाशी झटले होते. शेवटी वरचा रिकामा पट्टा राहिला होता, तो दहा मिनिटांत निळा-पांढरा फासून मोकळी झाले. आकाश काय, आहेच की वर.

मास्तर म्हणजे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या रविवारच्या लँडस्केपवाल्या टोळीत सगळ्यात वयस्कर. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते घरी नेऊन आठवडाभर चावत बसावं लागतं.

त्या आठवड्यात मला कळलं ते असं. मी ३१ वर्षं इमारतींचे नकाशे काढले. ड्राफ्ट्समन. बाई असले तरी पद ड्राफ्ट्समनचंच होतं. आधी ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि शाईचं पेन, नंतर कॉम्प्युटर. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन. एलिव्हेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या समोरून दिसणाऱ्या नकाशात, आकाश नसतं. छताची शेवटची रेघ मारली की तिच्या वर नुसता कागद. कधी एखादं ड्रॉइंग लोकांना दाखवायचं असलं तर साहेब म्हणायचे, "वर जरा आकाश मारा." मग निळ्या पेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडायचं, तो भुगा कापसाच्या बोळ्याने वर चोळायचा आणि खोडरबराने दोन ढग पुसून काढायचे. पाच मिनिटांचं काम. बिल्डिंग महत्त्वाची; आकाश म्हणजे बिल्डिंग काढून उरलेली जागा.

निवृत्तीनंतर तैलरंग हातात घेतले, ब्रश घेतले, इंप्रेशनिस्टांसारखी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या त्या उजेडाच्या चित्रकारांसारखी, उघड्यावर चित्रं काढायची म्हणून छत्री आणि घडीचं इझल घेतलं. सवय मात्र कापसाच्या बोळ्याचीच राहिली.

आता सिस्लेकडे येते, त्या इंप्रेशनिस्टांपैकीच एका चित्रकाराकडे. खरं तर त्याच्याबद्दलच लिहायला बसले होते.

आल्फ्रेड सिस्लेला मी कित्येक वर्षं ओलांडून पुढे गेले आहे. अक्षरशः. माझ्याकडे इंप्रेशनिझमवरचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात मोनेची पानंच पानं, रेन्वार, देगा, पिसारो भरपूर, आणि मध्ये कुठेतरी सिस्लेची चार-सहा पानं. रस्ता, नदी, बर्फ, पुन्हा नदी. मोनेसारखी चकाकी नाही, रेन्वारच्या हसऱ्या बायका नाहीत, देगाच्या नर्तिकांची ती विचित्र कापलेली चौकट नाही. मला वाटायचं, हा यांच्याबरोबर होता म्हणून पुस्तकात आलाय. पुढे कुठेतरी वाचलं की तरुण चित्रकार मातीसने म्हाताऱ्या पिसारोला विचारलं होतं, अगदी नमुनेदार इंप्रेशनिस्ट कोण? पिसारोने नाव घेतलं सिस्लेचं. हेही मला तेव्हा थोडं टोमण्यासारखंच वाटलं. नमुनेदार! म्हणजे वर्गातला तो मुलगा, जो पहिलाही येत नाही आणि नापासही होत नाही.

मास्तरांच्या त्या प्रश्नानंतर ते पुस्तक पुन्हा काढलं, ते मोनेसाठी. आकाश कसं रंगवायचं ते बघावं म्हणून. आणि मध्येच सिस्लेच्या एका पत्राचा उल्लेख सापडला. ताव्हेर्निए नावाच्या समीक्षक मित्राला त्याने १८९२ च्या सुमारास लिहिलेलं. त्यात तो सांगतो की आकाश ही नुसती पार्श्वभूमी असूच शकत नाही. जमिनीला जसे पुढचे-मागचे पट्टे असतात तसे आकाशालाही असतात, त्यांच्यामुळे चित्राला खोली येते. ढगांच्या आकारांमुळे चित्राला गती मिळते. आणि पुढे एक साधं वाक्य, की मी कॅनव्हास सुरू करतो तो नेहमी आकाशापासून.

नेहमी आकाशापासून. मी पुस्तक मिटलं आणि भिंतीवरची माझी स्वतःची चित्रं बघितली. अकरा निसर्गचित्रं. अकराही ठिकाणी छताच्या शेवटच्या रेघेपर्यंत जीव ओतलेला आणि वर कापसाचा बोळा.

त्यानंतर काही महिन्यांनी पॅरिसला जायचा योग आला. सविस्तर प्रवासवर्णन लिहीत नाही, ते माझ्या भावजयीने आधीच लिहिलंय आणि तिला त्यात गती आहे. मी फक्त ओर्से संग्रहालयाच्या पाचव्या मजल्याबद्दल सांगते. ते मूळचं रेल्वे स्टेशन, १९८६ साली संग्रहालय म्हणून उघडलं. नकाशेवालीला ती कमानदार लोखंडी-काचेची इमारतच तासभर पुरली. घरचे लोक कंटाळून पुढे गेले. मग वर इंप्रेशनिस्टांच्या दालनात. मोनेपुढे ही गर्दी. फोन उंचावलेले हात. सिस्लेपुढे जागाच जागा.

'पोर्ट-मार्लीचा पूर', १८७६. मी आधी बाजूची पाटी वाचली, ही जुनी खोड. ६० बाय ८१ सेंटीमीटर. आणि हसूच आलं. ए-वन शीट ५९४ बाय ८४१ मिलिमीटर! म्हणजे ज्या मापाच्या कागदावर मी आयुष्य काढलं, जवळजवळ तेच माप. लांबीला तीन सेंटीमीटर कमी इतकंच. फ्रान्समध्ये तयार कॅनव्हासची मापं तेव्हाही ठरलेली, त्यात पोर्ट्रेटची वेगळी, निसर्गचित्राची वेगळी, समुद्रचित्राची वेगळी. ही पंचवीस नंबरची निसर्गचित्राची चौकट. म्हणजे हा माणूस काही खास मोठं चित्र काढायला बाहेर पडला नव्हता. दुकानात मिळणारा कॅनव्हास घेऊन पुराच्या पाण्याकाठी गेला.

गोष्ट अशी की १८७६ च्या मार्चमध्ये सेन नदीला पूर आला. सिस्ले तेव्हा जवळच मार्लीला राहत होता. पोर्ट-मार्लीच्या रस्त्यांवर पाणी चढलं. त्याने त्या पुराची एक-दोन नाही, अर्धा डझन तरी चित्रं केली. १८७२ सालीही तिथंच पूर आला होता, तेव्हाही केली होती. या चित्रात डावीकडे एका दारूविक्रेत्याचं घर आहे, तळमजल्याशी पाणी टेकलेलं. उजवीकडे झाडं पाण्यात उभी. होड्या आहेत, माणसं आहेत, ती आपापलं काहीतरी करताहेत. कुणी आकांत करत नाही, कुणी कुणाला वाचवत नाही. पूर म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्याने छपरावर आई आणि तान्हं मूल बसवलं असतं.

आणि या सगळ्यावर आकाश. अर्ध्याहून जास्त कॅनव्हास. पाऊस नुकता थांबलाय, ढग अजून फाटलेले नाहीत पण पातळ झालेत, मधूनमधून निळं डोकावतंय. ढगांचे करडे रंग मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. एक करडा जांभळ्याकडे झुकणारा, एक मातकट, एक जवळजवळ गुलाबी. जवळ गेलं की ब्रशचे फटकारे वळत-वळत गेलेले दिसतात, ढगाच्या पोटाला वळसा घालून. खाली पाण्यात तेच रंग, पण आता आडवे, तुटक, छोटे. घराच्या भिंतीवर रंग त्याहून शांत, सपाट लावलेला. म्हणजे एकाच चित्रात तीन ठिकाणी तीन हात. हेसुद्धा त्याने त्या पत्रात म्हटलंय, की एकाच चित्रात रंग लावायची पद्धत बदलती असायला हरकत नाही. वाचलं तेव्हा नुसतं वाक्य होतं. समोर उभं राहिल्यावर ते वाक्य कशासाठी आहे ते दिसलं.

मी मनातल्या मनात ते चित्र उलटं काढून बघायला लागले. समजा मी असते. आधी घर. खिडक्यांच्या चौकटी, पाटीवरची अक्षरं, छपराची कड. मग झाडं. मग पाणी. पाणी कुठल्या रंगाचं? आकाशाच्या. आणि आकाश तर अजून काढलेलंच नाही! पुराच्या चित्रात जमीनच शिल्लक नाही. वरही आकाश, खालीही आकाश, आणि मध्ये एक घर अडकलेलं. आकाश ठरलं की चित्राचा तीन-चतुर्थांश भाग ठरला. घराच्या भिंतीवरचा तो पिवळसर गुलाबी उजेडही आकाशातूनच उतरलेला. मग सुरुवात दुसरीकडून करणार तरी कशी?

तिथल्या बाकावर बसून वहीत लिहिलं: "पुलाआधी आकाश. साडेआठ म्हणजे साडेआठ." घरच्यांना वाटलं मी ट्रेनची वेळ टिपून घेतेय.

परत आल्यावर एक नियम केला. सहा महिने फक्त आकाश. खाली जमिनीची बोटभर पट्टी चालेल, त्यावर इमारत बिलकुल नाही. छोटे बोर्ड घेतले, वहीच्या पानाएवढे, आणि एका बोर्डाला वीस मिनिटं. मुलगा एकदा घरी आला तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेले पंधरा-वीस बोर्ड बघत राहिला. "आई, ही पूर्ण व्हायचीत ना?" मी म्हटलं, झालीत. तो काही बोलला नाही. माझ्या तब्येतीची चौकशी मात्र त्या आठवड्यात दोनदा झाली.

त्या सहा महिन्यांत जे कळलं ते कुठल्याही चित्रकाराला पहिल्या वर्षी शिकवतात. मला साठीत कळलं, म्हणून त्याचं अप्रूप जास्त. आकाश डोक्यावर गडद निळं असतं आणि खाली क्षितिजाकडे फिकट होत जातं, कारण तिकडे बघताना आपण कितीतरी जास्त हवेतून बघत असतो. हे माहीत होतंच, पण माहीत असणं वेगळं आणि ट्यूबमधून रंग काढताना हात तसा वळणं वेगळं. माझा हात उलटाच जायचा. कारण छताची कड ठळक दिसावी म्हणून ड्राफ्ट्समन छताच्या लगतच कापूस जास्त चोळतो आणि वर सोडून देतो. ३१ वर्षं मी क्षितिजाशी गडद आणि माथ्यावर फिकट आकाश काढत होते. बरोबर उलटं!

ढगांनाही पर्स्पेक्टिव्ह असतो, म्हणजे लांबचं लहान दिसतं, हे तर मला शरमेनं लाल करणारं होतं. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे माझा हातखंडा. दोन व्हॅनिशिंग पॉइंटची ड्रॉइंगं मी झोपेतही काढीन. पण डोक्यावरच्या ढगाचा तळ दिसतो, तो मोठा असतो, आणि लांब जावं तसे ढग चपटे, बारीक, दाटीवाटीने एकमेकांना चिकटत क्षितिजाशी रेघांसारखे होतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं. छतासारखंच की ते! वर पसरलेलं एक भलंमोठं छत, ज्याच्या फरशा लांब जाताना लहान होत जातात. सिस्ले म्हणतो ते आकाशाचे पट्टे ते हेच.

आणि झाडांच्या फांद्यांतून दिसणारे आकाशाचे तुकडे. ते मी आकाशाच्याच रंगाने भरायचे आणि झाडाला गोळ्या लागल्यासारखी भोकं दिसायची. ते तुकडे मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद घ्यायचे असतात. आजूबाजूच्या पानांनी त्यांचा उजेड खाल्लेला असतो. हे मास्तरांनी सांगितलं. बाकी सगळं त्यांनी मला शोधू दिलं, एवढंच एक सांगितलं. बहुधा बघवलं नसेल.

उघड्यावर बसण्याचे हाल मी सांगत बसत नाही. एकच लिहिते: कॅनव्हासवर थेट ऊन पडू द्यायचं नाही. उन्हात रंग इतके उजळ दिसतात की आपण सगळं गडद घेत जातो, आणि घरी आणून बघावं तर चित्रात संध्याकाळ झालेली. छत्री त्यासाठी असते, आपल्या डोक्यासाठी नाही. रंगात चिकटणाऱ्या किड्यांबद्दल मी पूर्वी चिडायचे. पण लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचं १८७० चं त्रुव्हीलच्या किनाऱ्याचं चित्र आहे, त्याच्या रंगात किनाऱ्यावरचे वाळूचे कण अडकलेले आहेत हे कळल्यापासून मी किडे काढत नाही. पुरावा म्हणून राहू देते.

सिस्लेच्या आयुष्याबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण आकाश वाचता यायला लागल्यावर मी तेही वाचलं, आणि मग काही दिवस ब्रश हातात धरवेना.

जन्म १८३९ चा, पॅरिसमधला, पण आईवडील इंग्रज. वडील व्यापारी. पोराने धंदा शिकावा म्हणून त्याला लंडनला पाठवलं, तर हा तिथं कॉन्स्टेबल आणि टर्नर या इंग्रज चित्रकारांची चित्रं बघत फिरला. आकाशाचे दोन उस्ताद! परत येऊन १८६२ मध्ये ग्लेर नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला दाखल झाला. तिथं सोबतीला मोने, रेन्वार आणि बाझीय. तोवर घरून पैसे येत होते, काळजी नव्हती. १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं आणि वडिलांचा धंदा बुडाला. तिथून पुढे बायको, दोन मुलं आणि विकली गेली तर गेली अशी चित्रं. १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात तो होता, ज्या प्रदर्शनाने या मंडळींना इंप्रेशनिस्ट हे नाव चेष्टेत मिळवून दिलं. त्याच वर्षी फोर नावाच्या ऑपेरागायकाने खर्च करून त्याला काही महिने इंग्लंडला नेलं, बदल्यात काही चित्रं घेतली. त्या दौऱ्यातलं हॅम्प्टन कोर्टच्या पुलाचं एक चित्र मला फार आवडतं. तो चक्क पुलाच्या खाली जाऊन उभा राहिलाय. वर पुलाचं पोट, दोन्ही बाजूंना खांब, मधून पलीकडचं पाणी. आकाशवाल्या माणसाने आकाशावर झाकण घालून बघितलेलं! खांबांची रांग कशी लहान होत जाते ते बघून माझ्यातली जुनी ड्राफ्ट्समन सुखावते. हे चित्र स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला आहे, मी फक्त छापील बघितलंय.

मग लूव्हसिएन, मार्ली, सेव्र, आणि शेवटी लोआन नदीकाठचं मोरे. भाडं परवडेल तिकडे सरकत गेलेला माणूस. मोनेला हळूहळू गिऱ्हाईक लागलं, रेन्वारला लागलं. याला नाही. तरी हा निसर्गचित्रच काढत राहिला. सुमारे ९०० तैलचित्रं. माणसांची पोर्ट्रेट काढून दोन पैसे मिळवावेत असं त्याला वाटलं नाही, की जमलं नाही, ते मी ठरवणार नाही. मला आपली हट्टी माणसं आवडतात, पण त्यांच्या घरात राहायला आवडेलच असं नाही.

१८९७ मध्ये पॅरिसला जॉर्ज पती गॅलरीत त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. शंभराहून जास्त चित्रं. कुणी ढुंकून बघितलं नाही म्हटलं तरी चालेल. त्याच वर्षी तो वेल्सला गेला, तिथं कार्डिफमध्ये त्याने युजेनीशी, म्हणजे त्याच बायकोशी, रीतसर लग्न लावलं. तीस वर्षांचा संसार झाल्यावर! आणि पेनार्थ आणि लँगलंडच्या किनाऱ्यावर समुद्राचे कडे रंगवले. आयुष्यभर नद्यांचा माणूस, अखेरीला समुद्रावर. पुढच्या वर्षी युजेनी गेली. त्याने फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, ते मिळालं नाही. फ्रान्समध्ये जन्मलेला, जवळजवळ सगळं आयुष्य फ्रान्सची आकाशं काढलेला माणूस कागदोपत्री इंग्रजच राहिला. २९ जानेवारी १८९९ ला घशाच्या कॅन्सरने वारला. त्याआधी त्याने मोनेला बोलावून घेतलं होतं. मुलांकडे बघ म्हणून. मोनेने शब्द पाळला. चित्रकार मित्रांकडून चित्रं गोळा करून सिस्लेच्या मुलांसाठी लिलाव घडवून आणला.

आणि १९०० च्या मार्चमध्ये, म्हणजे तो जाऊन वर्ष-सव्वा वर्ष होतंय न होतंय तोच, पोर्ट-मार्लीचा तो पूर लिलावात आला. संग्रह होता ताव्हेर्निएचा, ज्याला आकाशाबद्दलचं पत्र लिहिलं होतं त्याचाच. काउंट द कामोंदो नावाच्या संग्राहकाने तो ४३,००० फ्रँकना घेतला. पुढे कामोंदोनेच तो सरकारला दिला, म्हणून मला बघायला मिळाला. ४३,००० हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याखाली, का कोण जाणे, दुहेरी रेघ मारली. बिलाच्या शेवटी मारतात तशी.

मला मात्र त्या आकड्यापेक्षा मोरेचं चर्च जास्त सतावतं. १८९३-९४ मध्ये सिस्लेने मोरेचं चर्च पुन्हा पुन्हा काढलं. चौदाएक कॅनव्हास. पावसात, उन्हात, थंडीत, संध्याकाळी. साधारण त्याच काळात मोने रूआंच्या कॅथेड्रलची मालिका करत होता. ती जगाला माहीत आहे. दोन्ही मालिका छापील पानांवर शेजारी ठेवून मी नकाशेवालीच्या नजरेनं बघितल्या. मोनेने कॅथेड्रल इतकं जवळ आणलंय की दगडी दर्शनी भागाने सगळी चौकट खाऊन टाकलीय, आकाशाला वर एखादा कोपरा. दगड उरतच नाही, नुसता उजेड. थोर आहे, वाद नाही. सिस्ले चार पावलं मागे सरतो. कोपऱ्यावरून बघतो, त्यामुळे चर्चची बाजू दिसते, आधारखांब मोजता येतात, समोरचा रस्ता, शेजारची घरं, दोन माणसं. आणि वर, शिखराभोवती, मोकळं आकाश. इमारत इमारतच राहते, तिचं वजन जात नाही, आणि तरी सकाळची निराळी आणि पावसातली निराळी. मोनेला बघून मला वाटतं, हे मला कधीच जमणार नाही. सिस्लेला बघून वाटतं, थांब, मागे सरकून बघू.

एक माझी तक्रारही आहे त्याच्याबद्दल. त्याची माणसं. रस्त्यावर ठेवलेली दोन काळी टिंबं, बहुतेक वेळा पाठमोरी, लांब जाणारी. सगळ्या चित्रांत तीच दोघं फिरताहेत असं वाटतं. एलिव्हेशनवर मापाचा अंदाज यावा म्हणून आम्ही छापाची माणसं चिकटवायचो, अगदी तशी. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "ती नसती तर तुम्हाला आकाश केवढं आहे ते कळलं असतं का?" असेल. तरी मी माझ्या माणसांना चेहरा देते.

सहा महिने संपल्यावर पुन्हा त्याच नदीवर, त्याच पुलासमोर बसले. कॅनव्हास घेताना मुद्दाम ६० बाय ८० चा घेतला. ८१ मिळाला नाही. फिकट राखाडी अस्तर आधीच मारून नेलं होतं. आठ वाजता पहिला फटकारा वरच्या डाव्या कोपऱ्यात. हात शिवशिवत होता पुलाकडे जायला. सव्वाआठला उजवीकडून एक पातळ ढग आला, त्याचा तळ किंचित जांभळा, तो घेतला. पूल खाली पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघांएवढाच होता. साडेआठला क्षितिजाजवळ पिवळट पांढरा भरला आणि तसाच पाण्यात खाली उतरवला. मग झाडांच्या काळोखाचा एक सलग पट्टा. पूल शेवटी, मोठ्या ब्रशने, पाच-सात फटकाऱ्यांत. कमानी तीनच्या ऐवजी अडीच झाल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी ऊन बदललं, तेव्हा ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकला आणि हात मागे बांधले, नाहीतर अर्धी कमान पुरी करायला गेलेच असते.

मास्तर मागे येऊन उभे राहिले. त्यांची सावली माझ्या पायाशी होती म्हणून कळलं. मी वळले नाही. वेळ विचारणार, आणि मी म्हणणार साडेआठ, अशी तयारी करून बसले होते.

"सेरुलियन निळा आहे का हो तुमच्याकडे?" ते म्हणाले. "माझी ट्यूब संपली."

मी दिली. तासाभराने परत आली तेव्हा निम्मी झाली होती, आणि टोपणाच्या आट्यांत पांढरा भरलेला. अजून ती पक्कड लावूनच उघडावी लागते.